आजोबांच्या वहीतलं सुभाषबाबूंचं पान

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

सप्रेम नमस्कार. मी नाशिकला राहते, शाळेत शिकवते. माझे आजोबा अमळनेरचे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा ते १६ वर्षांचे होते आणि स्वयंसेवक म्हणून तिथे गेले होते. गेल्या वर्षी गावचं घर रिकामं करताना त्यांची स्वाक्षऱ्यांची छोटी वही सापडली. रंगीत पानं आहेत. गांधीजी, पंडित नेहरू, साने गुरुजी आणि सुभाषबाबू यांच्या सह्या वाचता येतात, बाकीच्या काही लागत नाहीत. "बापूंच्या सहीला पाच रुपये मोजले," असं आजोबा सांगायचे. सगळ्या सह्या फैजपूरच्याच, असंही सांगायचे. सुभाषबाबूंचं पान निळ्या शाईत आहे, इतर पानांवरची शाई काळपट. दोन पानं सुटली होती, त्यांना कुणीतरी चिकटपट्टी लावली आहे. वही लॅमिनेट करून घेऊ का? भाऊ म्हणतो की परदेशातल्या लिलावात पाठवू, पानं सुटी करून विकली तर जास्त मिळतील. मला विकायची नाही. उलट असा संग्रह वाढवावा असं वाटू लागलं आहे, त्यासाठी ६० हजार बाजूला ठेवले आहेत. इंटरनेटवर एका विक्रेत्याकडे गांधीजींच्या सहीचं टाइप केलेलं पत्र आहे. माथ्यावर "सेवाग्राम, वर्धा" असं छापलेलं, तारीख १५ ऑक्टोबर १९३८, किंमत ५५ हजार, सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र. ओळखीतले एक गृहस्थ शिवाजी महाराजांची सही असलेलं मोडी पत्रही दाखवायला तयार आहेत. काय करावं?

सप्रेम नमस्कार.

लॅमिनेशन करू नका आणि ते पत्र घेऊ नका. या दोन गोष्टी आधी सांगतो, कारण दोन्हींत नंतर मागे फिरता येत नाही. बाकी सगळं सावकाश बोलू.

पत्राची गोष्ट सही न बघताच निकालात निघते. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले, त्याचं नाव सेगाव. नावातल्या साम्यामुळे त्यांचं टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायचं. हा घोटाळा थांबावा म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं गेलं. मग १९३८ च्या पत्राच्या माथ्यावर सेवाग्राम कुठून आलं? शिवाय ऑक्टोबर १९३८ मध्ये गांधीजी वर्ध्यात नव्हतेच. ते खान अब्दुल गफार खान यांच्याबरोबर सरहद्द प्रांतात फिरत होते. बनावट करणाऱ्याने सहीवर मेहनत घेतली असेल, पण गावाचं नाव कधी बदललं हे बघितलं नाही. बनावट कागद बहुतेक वेळा असेच पकडले जातात. आपण डोळे बारीक करून सहीची वळणं न्याहाळत बसतो आणि खोट मात्र तारखेत, पत्त्यात, कागदात असते.

ही तपासणी तुम्हाला घरबसल्या करता येते. गांधीजींचं समग्र लेखन १०० खंडांत प्रसिद्ध झालं आहे आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. पत्रं तारखेनुसार लावली आहेत, कुठून लिहिली तेही दिलं आहे. एखादं पत्र त्यात नसेल तर ते खोटंच, असं मात्र धरू नका. गांधीजींची सगळी पत्रं कुणालाच सापडलेली नाहीत. पण त्या आठवड्यात ते कुठे होते, हे त्या खंडांवरून कळतं आणि निम्मी भोंदू पत्रं तिथेच गळतात.

गांधीजींच्या बाबतीत आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त बनावटी त्यांच्याच सहीच्या असणार. त्यांची पत्रं पुष्कळदा त्यांचे सचिव महादेवभाई देसाई किंवा प्यारेलाल लिहून काढत आणि खाली सही गांधीजींची असे. मजकूर एका हाताचा आणि सही दुसऱ्या हाताची, हा संशयाचा मुद्दा नाही. पण महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना वारले. त्यांच्या अक्षरातलं १९४३ चं पत्र कुणी दाखवलं तर ते तसंच परत करा. गांधीजी दोन्ही हातांनी लिहीत. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना त्यांनी बोटीवर 'हिंद स्वराज' लिहून काढलं, तेव्हा उजवा हात थकल्यावर ४० च्या आसपास पानं डाव्या हाताने लिहिली. दोन हातांची वळणं वेगळी दिसतात. सही ते इंग्रजीत, गुजरातीत, नागरीत, जशी वेळ येईल तशी करत; जवळच्या माणसांना नुसतं "बापू" लिहीत. त्यामुळे एकच नमुना समोर ठेवून "जुळत नाही, म्हणजे खोटी" असं म्हणणं जितकं चूक, तितकंच "हुबेहूब जुळते, म्हणजे खरी" असं म्हणणंही. माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही. पुस्तकात छापलेल्या सहीवर ठेवल्यावर जी तंतोतंत बसते, ती बहुधा त्याच पुस्तकावरून गिरवलेली असते.

त्यांच्या काटकसरीचाही उपयोग होतो. आलेली पाकिटं उलटी करून कोऱ्या बाजूवर ते मजकूर लिहीत. सोमवारी मौन असायचं, तेव्हा चिठ्ठ्यांवर उत्तरं देत. अशी सही नसलेली, घाईत लिहिलेली चिठ्ठी, ती कुणाला दिली आणि तिथून कुणाकडे गेली हे ठाऊक असेल, तर भपकेदार छापील कागदावरच्या ठळक सहीपेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते.

आता प्रमाणपत्र. त्याच्यावर कुणाचं नाव आहे, त्या माणसाने सही कोणत्या नमुन्यांशी ताडून पाहिली आणि खोटी निघाल्यास पैसे कोण परत करणार, हे तीन प्रश्न विचारा. बहुतेक प्रमाणपत्रं पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात. अमेरिकेत १९९० च्या दशकाअखेर एफबीआयने खेळाडूंच्या बनावट सह्यांचा धंदा करणारी मोठी टोळी पकडली. प्रमाणपत्रं देणारे त्या साखळीतच होते. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा सापडले. आणि तज्ज्ञाचं नाव मोठं असलं तरी नमुन्यांचा प्रश्न उरतोच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'श्टर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या म्हणून ६० च्या वर वह्या विकत घेतल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या. झालं होतं असं की ताडून पाहायला दिलेल्या नमुन्यांतले काही कागदही कॉनराड कुयाव या त्याच बनावट करणाऱ्याच्या हातचे होते. शेवटी कागदाने सत्य सांगितलं: त्यात पांढरेपणा आणणारं असं रसायन सापडलं, जे हिटलरच्या हयातीत कागदात वापरलंच जात नव्हतं.

याच तत्त्वावरची साधी परीक्षा तुम्हीही करू शकता. नोटा तपासायचा जांभळा दिवा किंवा त्याची छोटी बॅटरी बाजारात थोडक्या पैशांत मिळते. अंधाऱ्या खोलीत तिचा उजेड कागदावर टाका. १९५० नंतरचा पुष्कळसा कागद निळसर पांढरा झळकतो, त्याआधीचा सहसा मंदच राहतो. मंद राहिला म्हणजे सही खरी, असं नाही. जुन्या वहीतलं कोरं पान फाडून घेणं फार सोपं आहे. पण १९३८ चं पत्र झळकलं तर पुढे काही बघायची गरज नाही. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील सही भिंगाखाली ठिपक्यांची दिसते. गिरवलेली रेघ जागोजाग थबकलेली, थरथरलेली असते, तिची दोन्ही टोकं बोथट असतात. सहज केलेल्या सहीत टाक कागदाला टेकताना आणि उठताना रेघ निमुळती होते. बॉलपेनने केलेली लोकमान्यांची सही कुणी दाखवली तर भिंगाचीही गरज नाही. टिळक १९२० साली गेले, बॉलपेन १९४५ च्या सुमारास बाजारात आलं.

आता तुमच्या वहीकडे येतो. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

आजोबांच्या म्हणण्यातल्या पाच रुपयांना इतिहासाचा आधार आहे. हरिजन फंडासाठी गांधीजी सहीचे पाच रुपये घेत, हे प्रसिद्ध आहे. फैजपूरला ते होते, त्यांनी ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं होतं. अध्यक्ष पंडित नेहरू होते. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. साने गुरुजींनी त्यासाठी खानदेश पायाखाली घातला होता. १६ वर्षांच्या अमळनेरच्या मुलाने त्यांच्यामागोमाग तिथे जावं, यात नवल नाही. गुरुजी अमळनेरच्याच शाळेत शिक्षक होते.

पण सुभाषबाबू फैजपूरला नव्हते. एप्रिल १९३६ मध्ये युरोपातून परतताच त्यांना मुंबईत अटक झाली आणि मार्च १९३७ पर्यंत ते सरकारच्या ताब्यातच होते. तेव्हा ती सही फैजपूरची असूच शकत नाही.

हे वाचून धक्का बसला असेल तर जरा थांबा, कारण यावरून सही खोटी ठरत नाही. तुम्हीच एक धागा दिला आहे. इतर पानांची शाई एकसारखी काळपट आहे. अशा वहीत शाई एकच असणं चांगलं लक्षण आहे, कारण मुलगा वहीबरोबर आपलंच पेन पुढे करतो. फक्त सुभाषबाबूंचं पान निळं आहे. म्हणजे ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेनाने लिहिलं गेलं असण्याची शक्यता मोठी. फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष सुभाषबाबू. हरिपुरा सुरत जिल्ह्यात, तापीकाठी. अमळनेरहून सुरतेकडे जाणारी तापी व्हॅली रेल्वे तेव्हा होतीच. फैजपूरला स्वयंसेवक असलेला मुलगा १८ व्या वर्षी गाडीत बसून हरिपुऱ्याला गेला असेल का? गेला असेल तर पन्नास वर्षांनी नातवंडांना सांगताना दोन अधिवेशनं एक होणं अगदी स्वाभाविक आहे. घराघरांतल्या आठवणी अशाच एकत्र होतात, त्यात कुणाचा खोटेपणा नसतो.

हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पुरावा शोधायचा तो असा. आधी त्या पानाच्या समोरचं पान बघा. शाई ओली असताना वही मिटली, किंवा वर्षानुवर्षं पानं एकमेकांना चिकटून राहिली, तर समोरच्या पानावर सहीची उलटी पुसट छाप उमटते. अशी छाप असेल तर सही वही शिवलेली असताना झाली आणि बराच काळ तिथेच राहिली, असं धरायला चांगला आधार मिळतो. मग स्पेलिंग बघा: सुभाषबाबू इंग्रजीत आपलं नाव लिहिताना शेवटी नुसता "एस" लिहीत, आज आपण लावतो तो "एच" लावत नसत. मग घरात हरिपुऱ्याचा काही कागद सापडतो का पाहा: तिकीट, बिल्ला, पोस्टकार्ड, हिशेबाची चिटोरी. हे सगळं झाल्यावर कोलकात्याच्या नेताजी रिसर्च ब्यूरोला चांगला फोटो पाठवून विचारा. तिथे नमुने खात्रीचे आहेत.

न लागणाऱ्या सह्यांकडेही याच दृष्टीने बघा. फैजपूरला स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते, मानवेंद्रनाथ रॉय महिनाभरापूर्वीच तुरुंगातून सुटून आले होते. अधिवेशनाचं नगर बांबू आणि आसपासच्या साध्या सामानातून बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी सजवलं होतं. एखाद्या पानावर बंगाली लिपी किंवा चार रेघांचं चित्र दिसतं का, नीट पाहा. दिसलं तर ते पान कुणाच्याही हाती देण्याआधी मला पुन्हा लिहा.

तर ही वही फाडायची नाही. पान सुटं झालं की समोरची छाप गेली, शाईची तुलना गेली, शेजारची नावं गेली, आजोबा गेले. उरतो तो सही असलेला एक रंगीत कागद. मग तो खरा कशावरून, हा प्रश्न ज्याच्या हाती जाईल त्याला पडणार. भावाला हे समजावून सांगा. पैशांच्या हिशेबानेही अखंड वहीच भक्कम ठरते. २०२० साली ब्रिस्टलच्या लिलावात गांधीजींचा चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला ती बातमी त्याने वाचली असेल. त्या चष्म्यासोबत तो कुटुंबात कसा आला याची हकीकत होती, दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असलेल्या नातेवाइकापर्यंत पोचणारी. हकीकत नसती तर तसले गोल चष्मे जुन्या बाजारात ढिगाने आहेत.

परदेशात पाठवण्याचा विचार मात्र भावाने सोडूनच द्यावा, कारण तो कायद्यात बसत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. इतर वस्तूंना त्यात १०० वर्षांची मर्यादा आहे, पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ७५ वर्षांचीच. तुमची वही ती ओलांडून गेली आहे. खासगी व्यक्तीने अशी वस्तू देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कुरिअरच्या फॉर्मवर "जुनी वही" लिहून सुटका होत नाही. नंदलाल बोस यांचं चित्र निघालं तर गोष्ट आणखी गंभीर, कारण त्यांच्या कलाकृती वयाचा विचार न करता कलानिधी म्हणून जाहीर झालेल्या आहेत. देशात विकण्याबद्दल किंवा नोंदणीबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं.

जपणुकीचं थोडक्यात. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद कागदात मुरतात, मग तो कागद पुन्हा मोकळा होत नाही. आपल्याकडे घरातल्या प्रेमाच्या वस्तूंचं सर्वांत जास्त नुकसान याच मशिनने केलं आहे, आणि तेही चांगल्या हेतूने. चिकटपट्टी स्वतः ओढू नका, शाईसकट पापुद्रा येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. तोवर वही आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवा. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात तिथे ओल धरते. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा आणि उघड्या हातानेच पान उलटा. हातमोज्यांमुळे बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. सुट्या पानांसाठी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं वापरा, पीव्हीसीची नकोत. भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत फोटो काढून तो लावा. मूळ पान उजेडात राहिलं की शाई उडते.

शिवाजी महाराजांच्या "सही"बद्दल. महाराजांच्या पत्रांवर आज आपण म्हणतो तशी सही नसते. माथ्यावर "प्रतिपच्चंद्रलेखेव" ही मुद्रा असते आणि शेवटी "मर्यादेयं विराजते" ही मोर्तब. पेशव्यांच्या पत्रांतही मुद्रा आणि शेवटी "लेखनसीमा" उमटवलेली दिसते; एखाददुसरी ओळ पेशव्याच्या स्वतःच्या अक्षरातली असू शकते, पण ती ओळखणं मोडी मुरलेल्या माणसाचंच काम. त्यामुळे महाराजांची सही म्हणून कुणी काही दाखवत असेल तर एक तर त्याला माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चालला आहे. एकोणिसाव्या शतकात मिशेल शाल या नामवंत फ्रेंच गणितज्ञाला व्रँ-ल्युका नावाच्या माणसाने हजारो खोटी पत्रं विकली. त्यात क्लिओपात्राने सीझरला लिहिलेलं पत्र होतं, आणि तेही फ्रेंच भाषेत. शाल भूमितीतला मोठा माणूस. पण पास्कलने गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी शोधल्याची पत्रं त्या गठ्ठ्यात होती, आणि फ्रान्सचा तो मान खरा असावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. आपल्या दैवतांच्या बाबतीत आपलंही असंच होतं. म्हणून तिथे जास्त कठोर व्हायला हवं.

त्या गृहस्थांकडचं मोडी पत्र मात्र खरोखर जुनं असू शकतं, भले ते महाराजांचं नसेल. गावच्या देशमुख-कुलकर्ण्यांच्या दप्तरातले कितीतरी कागद रद्दीत गेले आहेत. त्यांना ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवायला सांगा. आणि कोणत्याही जुन्या कागदावर ग्रंथालयाचा किंवा दप्तरखान्याचा शिक्का, रुमालाचा (दप्तराच्या गठ्ठ्याचा) क्रमांक, किंवा शिक्का कापून काढल्याची खूण दिसली तर कितीही स्वस्त मिळत असला तरी हात लावू नका. तो चोरीचा असू शकतो. असा कागद घरात ठेवण्यापेक्षा मूळ संस्थेला कळवणं हेच संग्राहकाचं काम आहे.

छापील सह्यांबद्दल एक सूचना, कारण नव्या माणसाची यात हमखास फसगत होते आणि दर वेळी विकणाऱ्याचा हेतू वाईट असतो असंही नाही. संविधानाच्या हस्तलिखित प्रतीवर २८४ सदस्यांच्या सह्या आहेत. डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाने त्याच्या १००० प्रती छापल्या. त्यांतली प्रत दुर्मिळच, पण तीवरची बाबासाहेबांची सही छापील आहे. यॉर्कशायरच्या साइक्स कंपनीच्या बॅटवर ब्रॅडमनची सही असायची; ती कारखान्यात उठवलेली. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर चिंतामणराव देशमुखांची सही दिसते, तीही तशीच. या वस्तू जरूर जमवा, पण सहीची किंमत देऊन नव्हे. गांधीजींचं चित्र असलेली तिकिटं १५ ऑगस्ट १९४८ ला निघाली, त्यांच्या हत्येनंतर. त्यावर त्यांची सही असलेलं पाकीटही कुणी विकायला काढेल, तेव्हा आठवण असू द्या.

आता तुमच्या ६० हजारांचं. ते एका वस्तूवर घालू नका, आणि पहिले सहा महिने काहीच घेऊ नका. सही दुर्मिळ का होते, हे या काळात समजून घ्या. माणसाच्या मोठेपणाशी तिचा थेट संबंध नाही. प्रा. दि. ब. देवधर १०१ वर्षं जगले, क्रिकेटवेड्या पिढ्यान्‌पिढ्यांना त्यांना भेटता आलं. आनंदीबाई जोशी २२ वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तेव्हा गेल्या. त्यांच्या हातचा कागद दिसला तर तो संग्रहालयातच. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांत सर्वांत महाग सही बटन ग्विनेट नावाच्या माणसाची आहे. तो पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धात मेला, म्हणून.

मला विचाराल तर तुमचा संग्रह तुमच्या वहीभोवतीच वाढू द्या. फैजपूर आणि हरिपुरा अधिवेशनांची तिकिटं, स्वयंसेवकांचे बिल्ले, तिथून गेलेली टपालाचे शिक्के असलेली पोस्टकार्डं, खानदेशातल्या कार्यकर्त्यांची पत्रं, साने गुरुजींनी विद्यार्थ्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या. यांतल्या पुष्कळ गोष्टींची बनावट करणं कुणाला परवडत नाही, कारण त्यात पैसा नाही. ज्यांच्या घरी त्या पडून आहेत ती माणसं तुमच्याच भागातली. ती हकीकत सांगतील, फोटो दाखवतील, आणि वस्तू कुणाकडून आली हे लिहूनही देतील. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत लेखकाने "सप्रेम भेट" लिहून सही केलेल्या प्रती मिळतात; हात बसवायला त्या उत्तम. प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद ठेवा: कधी, कुणाकडून, कितीला, त्याने काय सांगितलं. पावती फाडून टाकू नका. पत्र विकत घेतलं तरी मजकुराचे हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतात, तेव्हा अप्रकाशित पत्र छापायचं झालं तर आधी विचारा.

भावाशी भांडू नका. वही दोघांची आहे. त्याला घेऊन बसा, दोघं मिळून पानांचे फोटो काढा. वही दाबून सपाट करू नका, सावलीत धरून प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू टिपा, कोऱ्या पानांच्यासुद्धा. त्या ५५ हजारांच्या विक्रेत्याला सेगावची गोष्ट लिहून कळवा. तो पत्र काढून टाकतो की नुसती तारीख बदलतो, यावरून पुढे त्याच्याकडे जायचं की नाही ते ठरेल.

आणि आजोबांच्या पिढीतलं कुणी अमळनेरला अजून हयात असेल, धाकटी बहीण, चुलतभाऊ, शेजारी, तर बाकी सगळं सोडून या महिन्यातच त्यांना भेटा. वहीचे फोटो बरोबर न्या, वही नको. "आजोबा हरिपुऱ्याला गेले होते का?" असं थेट विचारू नका, म्हातारं माणूस तुमचं मन राखायला हो म्हणेल. "फैजपूरनंतर ते कुठल्या अधिवेशनाला गेले होते?" असं विचारा आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, सांगणाऱ्याच्या सहीसह लिहून घ्या. "आठवत नाही" असं आलं तरी तेही लिहून ठेवा.